नारिंगी पत्रपेटी

३ सप्टेंबर, मंगळवार

नव्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे आमचं कॉलेज आता ज्या कॉलेजांच्या गटात खेळणार त्याच्या, ढालीच्या चिन्हाचा साचा आला, मैदानाच्या मधोमध रंगवायला. मोजला — ढालीची डावी कड उजवीपेक्षा पाऊण इंच आखूड! कापणाऱ्याने हातात टेप तरी धरली होती की नाही? जाड प्लास्टिक आणून दुसरा कापला. बारा फूट म्हणजे बारा फूट. मला हे कुठल्या शाळेत शिकवलं नाही. बरंच झालं.

६ सप्टेंबर

क्रीडा विभागाच्या डायरेक्टर बाईंनी पुन्हा समजावलं, जणू मी दुसरीत आहे. "लाइल, नव्या कॉन्फरन्समध्ये आपला फक्त फुटबॉल गेलाय. व्हॉलीबॉल, पोहणं, बाकी सगळं जुन्यातच." म्हणजे घर एक, पण थोरला तेवढा शेजारी जेवतो!

"आणि टेंब्री कॉलेज?"

"ते जुन्यातच. आपले दहा सामने, दहाही भरलेत. त्यांच्याशी आता फुटबॉल नाही." किती सहज म्हणाल्या!

घरी आलो आणि फाटकाशीच थबकलो. पत्रपेटी नारिंगी — टेंब्रीचा रंग. बावीस वर्षं ऑरिन ट्वेट त्यांचं मैदान आखतो, मी आमचं. आमची पैज: ज्याची टीम हरेल त्याने वर्षभर आपल्या घरची पत्रपेटी दुसऱ्याच्या रंगात ठेवायची. गेल्या ऑक्टोबरात आम्ही तीन गुणांनी हरलो. पुढचा सामनाच नाही. म्हणजे ही जन्मभर नारिंगी!

७ सप्टेंबर

ऑरिनचा फोन. "काय रे गद्दारा! रंग टिकलाय ना? नाहीतर नारिंगीचा डबा पाठवतो." मी फोन आपटला.

२१ सप्टेंबर

टेंब्रीत व्हॉलीबॉल. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी चाळीस मैल गाडी हाणली. ऑरिन मक्याच्या लाह्या घेऊन बसलेला.

"तू इथे?"

"तू तरी कशाला आलास?"

आमच्या मुली जिंकल्या. म्हटलं, "झालं! उद्या पेटी निळी." ऑरिनने शांतपणे पाकिटातून एक जुना कागदी रुमाल काढला. बावीस वर्षं जपलेला! त्यावर माझंच अक्षर: 'फक्त फुटबॉल. इतर कोणताही खेळ धरला जाणार नाही.' खाली दोन रेघा.

"तूच लिहिलंस, लाइल. मी तर म्हणत होतो, गोल्फही चालेल."

२२ सप्टेंबर

मार्वा म्हणते, "रंगव की निळी. बायको म्हणून मी परवानगी देते. कोण बघायला येतंय?" मी बघतो! रोज दोनदा.

१२ ऑक्टोबर, शनिवार

टेंब्रीचा शनिवार असायचा हा. ढाल सुरेख उठली. नवे पाहुणे ४१–१० हरले. दरवर्षी ऑरिन सामन्याआधी गुडघे टेकून माझी रेघ मोजायचा, चूक सापडते का बघायला. कधी सापडली नाही. आज कोणी मोजलीच नाही.

१३ ऑक्टोबर

पेटीचा रंग उन्हाने विटला होता. नारिंगीचा नवा हात दिला. नियम म्हणजे नियम.

१९ नोव्हेंबर

ऑरिनचा फोन. थंडी, गुडघे, नवा ट्रॅक्टर. मग खाकरला. बावीस वर्षांत या माणसाने माझ्याकडे साधा ब्रश मागितलेला नाही.

"ती तुझी नव्या कॉन्फरन्सची बारा फुटी ढाल... साचा आहे ना अजून? पुढच्या वर्षी आम्हालाही लागेल. फक्त फुटबॉलला."

मी मनात दहापर्यंत मोजलं. मग म्हणालो, "काय रे गद्दारा!"