कुकडीच्या पात्रातले रांजण

रविवार, ८ मे १९८८, दुपारी साडेचार. कोपरखैरण्याच्या खोलीबाहेर पाटा धुऊन उन्हाला उभा केला आणि लिहायला बसलो. आबा, तुम्ही लावलेल्या टाकीचे घाव पार झिजलेत. चटणी वाटताना वरवंटा नुसता सरकतो. आता टाकीवाला दारावर येत नाही, घरोघर मिक्सर आले.

नऊ वर्षांपूर्वी आमच्या तुर्भ्याच्या कारखान्याची सहल निघोजला निघाली. कुकडी नदीने तिथे खडकात रांजणाएवढे खळगे कोरले आहेत. मी सातवी नापास, पण अक्षर चांगलं, म्हणून यादी माझ्याकडे. घरचं एक माणूस आणायची मुभा होती. हे ऐकून तुमचा हातोडीचा हात थांबला. "आमचं वस्ताद सांगायचं त्याचं," म्हणालात. "पाणी गोटा घेऊन गरागरा फिरतं आन् खडक कोरतं. हत्यार तळाशीच ठेवतं. एकदा बघायचंय रं मला." तुमचं नाव मी शाईने लिहिलं.

मग कळलं, सुपरवायझरसाहेब बाईंना आणणार आहेत. वाशीला त्यांच्याच गॅलरीत बसून तुम्ही पाट्याला टाकी लावायचात आणि बाई चार आण्यांसाठी घासाघीस करायच्या. शेजारच्या मशीनवरचा म्हणाला, "तुझे आबा येतायत ना? मग बाईंना सांग, पाटा बसमध्येच घ्या." मीही हसलो. संध्याकाळी पट्टी धरून तुमच्या नावावर सरळ रेघ मारली. तुम्हाला सांगितलं, जागा भरल्या. धुतलेलं धोतर तुम्ही पुन्हा घडी करून ठेवलंत. "असू दे. नीट बघून ये, मला सांग."

निघोजला पोचल्यावर एका कोरड्या खळग्यात मी खांद्यापर्यंत हात घालतो. भिंत गार, गुळगुळीत, आणि तळाशी खरंच गोटे आहेत, अंड्यासारखे. एक उचलतो. घरी नेला तर तुम्ही विचारत बसाल, म्हणून परत ठेवतो.

रात्री तुम्ही जागे होतात. मी म्हणालो, विशेष काही नाही, नुसते खड्डे. तुम्ही "बरं" म्हणालात आणि कूस बदललीत. त्याच आषाढात गेलात.

ती यादी अजून माझ्या ट्रंकेत आहे. हा कागदही तिच्याचबरोबर ठेवीन. बस बेचाळीस जागांची होती, आबा. आम्ही एक्केचाळीस होतो. खिडकीजवळच्या जागेवर जाता-येता माझी पिशवी होती.