दिवंगत पिताश्रींचं तिकीट

३ ऑक्टोबर, मंगळवार

दिवंगत पिताश्रींचा निरोप आला आहे — येत्या अठ्ठावीस तारखेच्या कार्यक्रमास ते जातीने उपस्थित राहणार!

निरोप ताईच्या मुखातून. "बाबांनी तिकीट काढलंय. तिसरी रांग. मी सोबत येतेय. घाबरू नकोस." घाबरू नकोस, असं कोणी म्हटलं की घाबरण्याजोगं काही आहे यावर शिक्कामोर्तब होतं.

निदान या वहीत तरी खरं लिहावं. माझे वडील हयात आहेत. वय चौऱ्याऐंशी, प्रकृती ठणठणीत, स्वभाव पूर्ववत. आणि गेली बावीस वर्षं, वर्षाकाठी सरासरी चाळीस कार्यक्रम या गतीने, मी त्यांना भर व्यासपीठावर मारत आलो आहे.

५ ऑक्टोबर, गुरुवार

पितृहत्येची कारणमीमांसा.

अस्मादिक गीतकार, संगीतकार आणि गायक — लोकगीताच्या गळ्यात विजेची गिटार अडकवून उदरनिर्वाह करणारा इसम. पंचवीस वर्षांत सात ध्वनिमुद्रिका. पैकी जनतेस ठाऊक गाणं एक: 'नाव बांधली'. वृद्ध नावाडी मृत्युशय्येवर. मुलगा त्याच्या उशाशी लोखंडी स्टुलावर रात्रभर बसलेला, चमच्याने त्याचे ओठ ओले करणारा. पहाटे खिडकी उजळते आणि नाव किनाऱ्याला लागते. इथे श्रोते रडतात. न रडल्यास आम्ही ड्रमचा आवाज वाढवतो.

वस्तुतः बाबा लिफ्ट-तपासनीस होते. इमारती-इमारतींत जाऊन लिफ्टचे दोर तपासायचे आणि सही ठोकायची, हे चाळीस वर्षं. परंतु लोकगीताला लिफ्ट चालत नाही, नाव चालते. सबब ते नावाडी झाले. पोहता येत नसताना!

इथवर सारं कवीच्या अखत्यारीत. मग रेडिओवर मुलाखत झाली. निवेदिकेने डोळे टिपत विचारलं, "वडिलांना जाऊन किती दिवस झाले?" मी म्हणालो, "दोन वर्षं." दोन वर्षं झाली होती ती आईला. काळ बिनचूक सांगितला, माणूस चुकला. असली दुरुस्ती तिथल्या तिथे करायची असते. मी खाली बघितलं. खाली बघण्याचा अर्थ लोक आपापला लावतात.

(आई गेली तेव्हा मी पहिल्या दौऱ्यावर होतो. पोचलो तिसऱ्या दिवशी. पण तो विषय वेगळा.)

तेव्हापासून गाण्याआधी तीन मिनिटांचं निवेदन असतं — "बाबा गेले त्या रात्री…" आता तेही मुखोद्गत आहे. हुंदक्याची जागासुद्धा ठरलेली.

बाबा यावर आजतागायत एक अक्षर बोललेले नाहीत. त्यांच्या गल्लीत ते 'गायकाचे काका' म्हणून परिचित आहेत. ही ओळख म्हणे त्यांनीच करून दिली.

९ ऑक्टोबर, सोमवार

सराव. आमच्या ड्रमवादकाला सारे 'भूकंप' म्हणतात. पहिल्या दिवसापासून माझ्या मागे बसतो. तो मला 'पंडित' म्हणतो, माझ्या भाषेच्या निषेधार्थ. धीर एकवटून त्याला म्हटलं, अठ्ठावीसला बाबा येतायत.

"कुठले बाबा?"

"माझे."

"ते गेलेत ना?"

"नाही. त्यांचे गुडघे गेलेत."

तो हसला. मी हसत नाही हे बघून थांबला. माझ्या मागून कधी एवढी शांतता आलेली नाही.

"पंडित, माझ्या बापाला पोचवलं तेव्हा मी हे गाणं वाजवलंय. तू शेजारी उभा होतास. माझ्या पाठीवर हात होता तुझा."

"हो."

"आणि तुझा बाप तेव्हा काय करत होता?"

"…बहुधा पेपर वाचत असावेत."

त्याने काठ्या पिशवीत घातल्या. "अठ्ठावीसला लोकांना खरं सांग. नाहीतर त्या गाण्याला मी हात लावणार नाही. आणि उगाच अलंकार लावून सांगू नकोस. सरळ सांग."

१२ ऑक्टोबर, गुरुवार

भूकंप सरावास गैरहजर. हादरे मात्र बसतायत.

१४ ऑक्टोबर, शनिवार

आयोजकाने जाहिरातीचा फलक दाखवला. 'रौप्यमहोत्सवी मैफल.' त्याखाली ठसठशीत: 'वडिलांच्या पवित्र स्मृतीस अर्पण.'

"हे कोणी घालायला सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं, सर? आणि ही तर नुसती सुरुवात. त्या गाण्याला आपण स्टेजवर एक रिकामं लोखंडी स्टूल ठेवतोय. वरून प्रकाशझोत. बाकी सगळा अंधार!"

मी म्हटलं, फलक बदलता येईल का? म्हणाला, दोनशे लागलेत. म्हटलं, स्टूल नको. म्हणाला, "सर, दोन हजार लोक रडायला येतायत. त्यांना कोरडं पाठवायचं का?"

हाच तो क्षण होता. तोंड उघडलंही. त्यातून निघालं — "स्टूल जरा डावीकडे ठेवा."

शूर आहे हो मी.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

बाबांना फोन केला. तीनदा लावला, दोनदा वाजण्याआधीच बंद केला. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला.

"बाबा, तिकीट कशाला काढलंत? मी पास पाठवला असता."

"नको. फुकट आत शिरलेला माणूस नीट तपासत नाही."

तपासत! विचारलं, अचानक कसं काय ठरवलंत?

"अचानक कुठे? बावीस वर्षं झाली की." मग म्हणाले: "ते गाणं म्हणणार आहेस ना?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"मी काय म्हणणार? मेलेल्याला कोण विचारतं?"

आणि फोन ठेवला. चेष्टा होती की काय, हे त्रेपन्न वर्षांच्या सहवासानंतरही मला सांगता येत नाही. बाबांचा आवाज सगळ्याला सारखाच असतो. 'जेवायला बसा' आणि 'दोर तुटायला आलाय' यांत स्वराचा फरक नाही.

२३ ऑक्टोबर, सोमवार

कबुलीजबाबाचे मसुदे केले. पहिला — "रसिकहो, सत्य आणि कल्पित यांच्या सीमारेषेवर…" फाडला. चौथा — "कलावंत हा मूलतः…" फाडला. सातव्यात तीनच वाक्यं उरली. माझे वडील जिवंत आहेत. मी खोटं बोललो. माफ करा. मोठ्याने वाचून पाहिलं. मसुदा क्रमांक सातला चाल लागत नाही.

भूकंपाला फोनवर ऐकवला. तो म्हणाला, "हेच म्हण." परवा सरावाला येतोही म्हणाला.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

पितृदेव अवतरले! दुपारच्या बसने, ताईसह.

माझं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टपाशी बाबा थांबले. बाहेरच्या चौकटीतला तपासणीचा कागद वाचला, खालची तारीख वाचली, आणि म्हणाले, "जिना कुठे आहे?" ठणकत्या गुडघ्यांनी तीन मजले चढले. प्रत्येक वळणावर थांबून श्वास घेत होते आणि मी मागून, दोन्ही हात पसरून, यष्टिरक्षकासारखा.

गाण्याचा विषय कुणीही काढला नाही. चहा झाला. बाबांनी माझ्या खिडकीची खिटी दुरुस्त केली. जेवताना खिडकीतून समोरच्या भिंतीवरच्या फलकाकडे त्यांचं लक्ष गेलं — 'पवित्र स्मृतीस अर्पण'. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं. "छपाई चांगली आहे," म्हणाले.

भांडी आवरताना ताईला गाठलं. "त्यांच्या मनात काय आहे?"

"मला सांगत नाहीत. तूच विचार की."

"मला भीती वाटते."

"वाटणारच. वर्षातून दोनदा येतोस, पिशवी ठेवतोस, पिशवी उचलतोस. तेवढ्यात जिवंत माणूस दिसतो कुठे!" मग ताटं पुसता पुसता म्हणाली, "एक सांगू? आई गेली तेव्हा फोनवर तुला मी जे जे सांगितलं होतं ना, ते सगळं आहे त्या गाण्यात. चमचासुद्धा."

मी म्हटलं, पुसलेली ताटं इकडे दे.

२८ ऑक्टोबर, शनिवार

दुपार. तासाभरात निघायचं. मसुदा क्रमांक सात खिशात. पाच वेळा तपासला. वारसा!

२९ ऑक्टोबर, रविवार

क्रमाने लिहितो, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

सभागृह तुडुंब. सात गाणी झाली. आठवं ते. दिवे गेले. डावीकडे स्टूल उजळलं. मागे भूकंपाने काठ्या मांडीवर ठेवल्या आणि हाताची घडी घातली. मी ध्वनिक्षेपकाशी गेलो. कागद खिशातच राहिला.

"माझे वडील गेलेले नाहीत," मी म्हणालो. "ते आहेत. आत्ता, या सभागृहात आहेत."

दोन हजार माणसांनी एकदम उसासा सोडला. मागून कोणी ओरडलं, "आमचेही आहेत!" आणि टाळ्यांचा कडकडाट!

"नाही, नाही — खरोखरच आहेत! मी तुमच्याशी खोटं बोललो! ते कधी गेलेच नाहीत!"

टाळ्या दुप्पट. पहिल्या रांगेतल्या बाई पदराने डोळे पुसत मान डोलवत होत्या — कधी गेलेच नाहीत, बरोबर आहे.

शेवटचा उपाय म्हणून मी किंचाळलो. "बाबा, उभे राहा!"

तिसऱ्या रांगेत बाबा गुडघ्यावर हात देऊन उभे राहिले. त्यांच्या शेजारचे गृहस्थ उभे राहिले. मागची रांग राहिली. मग सगळं सभागृह, आपापल्या बापासाठी, उभं! त्या गर्दीत माझा जिवंत बाप दिसेनासा झाला. सत्य बोलण्यात मी इतका नवशिका, की बोललो तरी कुणाला ओळखू आलं नाही.

मी मागे वळलो. भूकंप तिसऱ्या रांगेकडे एकटक बघत होता. मग त्याने काठ्या उचलल्या. नंतर विचारलं तर म्हणाला, "तू सांगायचं ते सांगितलंस. आणि नाक तुझंच आहे त्यांचं. म्हणजे त्यांचं तुझं."

गायलो. लोक बसले, तेव्हा बाबा पुन्हा दिसले. ते माझ्याकडे बघत नव्हते. पूर्ण गाणंभर, पहिल्या ओळीपासून खिडकी उजळेपर्यंत, ते त्या रिकाम्या स्टुलाकडे बघत होते. मी दुसऱ्या कडव्यात अडखळलो. बावीस वर्षांत प्रथमच. लोकांना तेही आवडलं.

आयोजकाने मिठी मारली. "सर, काय कल्पना! पुढच्या गावीही असंच उभं करू!"

टॅक्सीत बाबा पुढे बसले, डोळे मिटून. मागे ताई मला हळूच म्हणाली, "मागच्या रांगेतल्या एका मुलीने त्यांना पाणी दिलं. विचारलं, आजोबा, तुमचं कोण गेलं?"

"मग?"

"म्हणाले, बायको."

आज दिवसभर बाबा गॅलरीत बसून आहेत. दोनदा जवळ जाऊन उभा राहिलो. एकदा म्हणाले, पंख्याचा आवाज येतो, तेल घाल. एकदा खुर्ची उन्हाकडे सरकवली.

३० ऑक्टोबर, सोमवार

सकाळची बस. दाराशी बूट घालताना, मान खाली ठेवूनच, बाबा बोलले.

"मला मारलंस त्याचं काही नाही. गाण्यात मरतात माणसं. पण तिच्या उशाशी मी होतो. अकरा रात्री, त्या स्टुलावर. चमचा माझ्या हातात होता. लोकांना तिथे तू दिसतोस — दिसू दे."

दुसऱ्या बुटाची नाडी बांधली.

"पण हल्ली डोळे मिटले की मलाही तिथे तूच दिसतोस."