आईची टीप

प्रिय ताई,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली. आईचं शिवणाचं मशीन उघडलं तो सोमवार होता, असं मी म्हटलं होतं. सोमवार नव्हता, मंगळवार होता. तीन वर्षांपूर्वीच्या वारावरून आता काय एवढं, असं तू म्हणशील. बाबा हिला मोजपट्टी म्हणतात ते उगीच नाही, असंही म्हणशील. म्हण. पण हा वार सरळ केल्याशिवाय मला पुढचं काही लिहिता येत नाही.

तू विचारलं होतंस, बाबा अजून ती भंगारातली मशीनं आणतात का. आणत होते, गेल्या महिन्यापर्यंत. पुढची खोली भरली, मग जिन्याखालची जागा भरली, आता तुझ्या पलंगावरही दोन आहेत. वर चादर घातलीय, पाहुणे निजल्यासारखी दिसतात. शेजारच्या काकू म्हणतात, तुझ्या बापाला कुणी गंजलेली सुई दाखवली तरी तो पाकीट काढेल. त्यांची खरेदीची रीत मात्र तीच. मशीन माळ्यावर असो की अंगणात, आधी विकणाऱ्याच्या हातात चिंधी द्यायची आणि म्हणायचं, ‘एक वीतभर टीप मारून दाखवा.’ माणूस बोलताना लपवील, टीप लपवत नाही. मागच्या वर्षी एक म्हातारा शिंपी टीप मारायला बसला तो उठेचना. चिंधी संपली, तर स्वतःच्या सदऱ्याची उसवलेली बाही पुढे ओढली. बाबांनी ते मशीन घेतलं नाही. ‘तुम्हाला हे अजून विकायचं नाहीये हो,’ म्हणाले, आणि फुकट तेल घालून घरी आले.

मला अक्षरं आईने शिकवली, बटणांच्या डब्यांवर चिकटवलेल्या कागदांवरून. आकडे शिकले ते बाबांच्या मशीन-दुरुस्तीच्या बाकावर, शाळेचं तोंड बघायच्या आधी. स्क्रू सोडवताना किती फेरे फिरले ते मोठ्याने मोजायचं आणि चिठ्ठीवर लिहायचं. जाम झालेले भाग रॉकेलमध्ये भिजत घालायचे, कापड पुढे सरकवणाऱ्या दातांखाली साचून घट्ट झालेला भुसा सुईने कोरून काढायचा, वर्षानुवर्षं सुकून गोंदासारखं झालेलं तेल पुसायचं. आणि सगळ्यांत आधी जुन्या मालकाचा दोरा काढून टाकायचा. टीप सुलट आणि उलट बाजूने सारखी दिसली की काम संपलं. हे नियम मी कधी मोडले नाहीत, ताई. तिथेच सगळा घोटाळा झाला.

आईच्या मशीनला बाबांनी हे नियम कधी लावलेच नव्हते. वरच्या दोऱ्याचा ताण धरणारी त्याची स्प्रिंग म्हातारी झाली होती. दोरा सैल पडायचा आणि कापडाच्या उलट बाजूला बारीक गाठी यायच्या, खसखस पेरल्यासारख्या. बाबा सुधारायला गेले की आई त्यांचा हात झटकायची. ‘साऱ्या जगाची मशीनं सुधारा, माझं तेवढं सोडा. सैल टीप पोरींच्या अंगावर तुटत नाही.’ लहानपणी तू कॉलरच्या आतून त्या गाठींवर बोट फिरवत झोपायचीस. हे मला ठाऊक होतं.

आई गेल्यावर मशीन दहा महिने तसंच झाकून होतं, सुईत तिने ओवलेला निळा दोरा. एक दिवस मी झाकण उचललं तर सुईवर गंज, आणि चाक फिरता फिरेना. वाटलं, हे असंच जाम होऊन बसेल आणि आपण नुसते बघत राहू. बाबा त्या मंगळवारी पहाटेच परगावी एक मशीन बघायला गेले होते. सोमवारी ते दिवसभर घरी होते, म्हणून मी तुला सोमवार लिहिला. ती चूक नव्हती, खोटं होतं. मशीन बाबांनी नाही, मी उघडलं. दोरा काढला, कोरलं, पुसलं, तेल दिलं, फेरे मोजून सगळं परत बसवलं. टीप मारून पाहिली तर उलट बाजूला गाठी. वाटलं, माझी मोजणी चुकली. पुन्हा बसवलं, पुन्हा गाठी. त्या वेळी मला तुझं बोट आठवलं नाही, आई आठवली नाही, फक्त दोष दिसला. स्प्रिंग मऊ पडली होती, ती काढून नवी घातली. दोन्ही बाजू अगदी सारख्या आल्या. मला एवढा आनंद झाला की आईला हाक मारायच्या बेतात होते. जुनी स्प्रिंग मोडीच्या डब्यात टाकली, आणि तो डबा त्याच दुपारी भंगारवाल्याने रिकामा केला. संध्याकाळी बाबा आले. त्यांनी चिंधी उलटून पाहिली. बराच वेळ पाहिली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, ‘काम चोख झालंय.’ मला ती शाबासकी वाटली.

दोन आठवड्यांनी तू आलीस, सहावा महिना, पिशवीत झबल्याचं कापड. बाळाचं पहिलं झबलं तुला आईच्या टिपेचं हवं होतं. तू शिवलंस, उलटलंस, बोट फिरवलंस. पुन्हा फिरवलंस. ‘मशीनला हात कुणी लावला?’ मी तोंड उघडलं होतं, देवाशप्पथ उघडलं होतं. बाबा म्हणाले, ‘मी.’ एवढंच. आई एकदा गेली ते पुरेसं नव्हतं का तुम्हाला, असं तू त्यांना म्हणालीस आणि त्याच संध्याकाळी निघालीस. मी रडत म्हटलं, आत्ता जाते आणि ताईला सांगते. बाबांनी दार अडवलं. ‘माझ्यावर रागावली तर तिला तू उरशील. तुझ्यावर रागावली तर माहेरी कोण उरणार तिला? माझं नि तिचं तसंही कधी पटलंय?’ त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. खरं सांगू? फार आग्रह करावा लागला नाही. मग तुझी पत्रं फक्त मला येत राहिली, बाळाचे फोटोही माझ्याच नावाने आले. मी ते बाबांसमोर ठेवायची. ते चष्मा पुसून पुसून बघायचे आणि ‘नाक आजीचं आहे’ एवढं म्हणून परत द्यायचे.

घरातली ती सत्तेचाळीस मशीनं त्या एका स्प्रिंगसाठी आहेत. प्रत्येकाची म्हातारी स्प्रिंग काढायची, आईच्या मशीनला लावायची, वीतभर टीप मारायची आणि तुझ्या जुन्या फ्रॉकच्या कॉलरशेजारी ठेवून भिंगातून बघायची. कधी गाठी जाड, कधी मधूनच गायब. एकतिसावी फार जवळ आली होती, आगीतून वाचलेल्या एका दुकानातल्या मशीनची. दोन दिवस बाबा शीळ घालत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘नाही गं. ही दुसऱ्याच कुणा बाईची आहे.’

आता हे सगळं आज का लिहितेय ते सांगते. गेल्या महिन्यात बाबा बाकावरच कलंडले. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं, तेव्हापासून सरकारी दवाखान्यात आहेत. तुला कळवू नको म्हणाले, आणि मी तेही ऐकलं. काल डॉक्टर म्हणाले, जवळच्यांना बोलावून घ्या, दिवस थोडे आहेत. दुपारी नर्सने त्यांना विचारलं, ‘आजोबा, मुलं किती?’ ‘दोन मुली.’ ‘मग ही एकटीच कशी येते?’ तर अर्ध्या तोंडाने हसून म्हणाले, ‘मोठीला फार काम असतं.’ फोनवर मला हे जमणार नाही. तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा खोटं बोलेन. मी क्षमा मागत नाही. राग हवा तेवढा माझ्यावर काढ, माझ्याशी कधीच बोलू नकोस, पण त्यांना तो राग बरोबर न्यायला लावू नकोस. मी वचन मोडलंय हे त्यांना अजून माहीत नाही. ते कळलं की तुला देण्यासारखं त्यांच्याजवळ होतं, तुझ्यासाठी राखलेलं माहेर, तेवढंही मी काढून घेतलेलं असेल, हे मला कळतंय. तरीही सांगणार आहे. आज शनिवार, पंधरा तारीख. पत्र तुला मंगळवारपर्यंत मिळेल. तू ये, किंवा येऊ नकोस. येत्या शुक्रवारी, एकवीस तारखेला, सकाळी दहाला भेटीची वेळ सुरू झाली की मी त्यांच्या कानाशी बसून सांगणार आहे की ताईला सगळं खरं कळलंय.

तुझीच,
धाकटी