चार ओळींचे शिफारसपत्र

सर,

तुम्हाला जाऊन सोळा वर्षे झाली. एवढ्या विलंबाने उपस्थित होणाऱ्या विद्यार्थ्याला तुम्ही वर्गाबाहेर उभे केले असते. आता उभे करणारे तुम्ही नाही, आणि माझे गुडघेही त्या शिक्षेला अनुकूल राहिलेले नाहीत. वय वर्षे बावन्न, उदर स्थूल, केश विरळ, विषय इंग्रजी. हिंगोलीच्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात मी ही विद्या वितरित करतो तेथील मुले मला माझ्या पाठीमागे 'संस्कृत सर' म्हणतात, कारण इंग्रजी वाक्य समजावताना मी असे मराठी वापरतो की मग त्याचाच अर्थ विचारावा लागतो. ही खोड तुमची नव्हे. तुम्ही वर्गात राणीचे इंग्रजी बोलायचात आणि घंटा वाजताच 'काहून रे, जेवला का न्हाई?' असे विचारायचात. मधले पुस्तकी मराठी तुम्हाला कधी लागलेच नाही. मला लागते. लपायला बरे असते.

गोरेगावच्या शाळेतली ती दुपार अजून दिसते. आठवडी बाजारावरचा निबंध आहे आणि त्यात मी 'व्हेरी' हा शब्द अकरा वेळा योजला आहे. तुम्ही वही घेता, तांबड्या पेन्सिलीने अकराही ठिकाणी रेघ ओढता आणि वही परत माझ्या पुढ्यात ठेवता. 'वाच. बाजारातलं काय कमी झालं?' मी मनोभावे बाजार तपासतो. मिरच्या तेवढ्याच तिखट आहेत, बैल तेवढेच उंच आहेत, गूळवाला तेवढाच खोटारडा आहे. 'काही न्हाई, सर.' 'मंग कशाला लिहून राहिला होता?' खाली तुम्ही एकच शब्द लिहिता : फेअर. तुमच्या दरबारातला हा सर्वोच्च सन्मान होता. सहा वर्षांत तो मला दोनदा प्राप्त झाला, आणि दोन्ही वेळा मी घरापर्यंत पळत गेलो.

तुमचा एक सिद्धांत होता, आणि तो मला आजही निर्दोष वाटतो. तुम्ही म्हणायचात, इंग्रज आणि आपला शेतकरी या एका बाबतीत सख्खे भाऊ आहेत. तूर डोक्याइतकी वाढलेली असो, शेंगांनी वाकलेली असो, बांधावरून कोणी 'पीक कसं हाय?' असे विचारले तर मालक म्हणतो, 'हाय आपलं, बरं हाय.' गोंडस लेकराच्या गालाला आई काजळ फासते. आपल्याकडे चांगल्या गोष्टीला मोठ्याने चांगले म्हणत नाहीत, नजर लागते. इंग्रजालाही तेच भय असावे, तुम्ही म्हणायचात, म्हणून तो 'नॉट बॅड' म्हणून पुढे जातो. अमेरिकन इंग्रजीबद्दल तुमचा द्वेष नव्हता. शेजारच्या गावात दिलेल्या लेकीच्या नणंदेबद्दल बोलावे तसे तुम्ही तिच्याबद्दल बोलायचात : बोलती जास्त, पण मनानं वाईट नसंल.

त्या नणंदेच्या घरी वर्षभर राहण्याचा योग माझ्या कुंडलीत होता. ग्रामीण भागातील इंग्रजीच्या शिक्षकांना एक वर्ष अमेरिकेतल्या महाविद्यालयात पाठवणारी ती योजना तुम्हाला आठवत असेल. अर्जासोबत बालपणीच्या गुरूचे शिफारसपत्र हवे होते, बंद लिफाफ्यात. मी गोरेगावला आलो. तुम्ही तेव्हा निवृत्त झाला होता. ओसरीवर बसून तुम्ही तासभर लिहिले, दोनदा खोडले, लिफाफा चिकटवला, जोडावर सही केली आणि म्हणालात, 'घे. जास्त लिहिलं न्हाई. लागत न्हाई.'

तो लिफाफा मी हिंगोलीला आमच्या स्वयंपाकघरात, चहाच्या आधणाच्या वाफेवर धरला. पत्नी कणीक मळत होती. 'सरांचं पत्र हाय ना ते?' ती म्हणाली. 'मंग काहून उघडून राहिले?' मी तिला 'अवलोकनार्थ' असे उत्तर दिले. तिने परत कणकेकडे पाहिले. आमच्या संसारात माझ्या संस्कृतवर तिचा विश्वास कधीच नव्हता.

आत चार ओळी होत्या. त्यांचे मराठी करतो. 'मी यांना लहानपणापासून ओळखतो. ते वेळेवर येतात आणि वाचलेले समजून घेतात. माझी चूक त्यांनी मला दोनदा दाखवली, आणि दोन्ही वेळा ते बरोबर होते. त्यांना पाठवण्यास माझी हरकत नाही.'

सर, तुमच्यासारख्या माणसाने 'हरकत नाही' लिहिणे म्हणजे काय, हे आपल्या सेनगाव तालुक्यात बसून मला कळत होते. पण त्याच आठवड्यात नांदेडचा एक प्राध्यापक, जो आदल्या वर्षी त्या योजनेतून जाऊन आला होता, मला म्हणाला होता, 'तिकडं हे चालत न्हाई, भाऊ. गुरुजींनी तुमाला डोक्यावर घेऊन नाचलं पाहिजे.' तेव्हा मी नाचवले. दीड पानाचे नवे पत्र मी स्वतः टंकित केले. तीस वर्षांच्या अध्यापनात असा विद्यार्थी झाला नाही. हा असामान्य आहे, तेजस्वी आहे, जन्मजात नेता आहे. ज्याला तुम्ही वर्गाचा मॉनिटरही केले नव्हते, त्याचे हे वर्णन. मग तुमची सही मी सात वेळा गिरवली, आठवी कागदावर केली आणि तुमचाच लिफाफा पुन्हा चिकटवला. तुमचे मूळ पत्र मी फाडले नाही, एवढी नीतिमत्ता शिल्लक होती. ते नंतर घर बदलताना हरवले. नीतिमत्ताही बहुधा त्याच टेम्पोत होती.

निवड झाली. मी गेलो. जिथे गेलो तिथेही क्षितिजापर्यंत सोयाबीनच होते, त्यामुळे विरह असा झाला नाही. घरमालकिणीला मी पहिल्या दिवशी सांगितले की भाड्याचा कागद 'फोर्टनाइट'मध्ये देतो. तिने आदराने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी विचारले की तो किल्ला कुठला. पंधरवड्यासाठीचा जो इंग्रजी शब्द हिंगोलीच्या प्रत्येक कचेरीतल्या कारकुनाला पाठ आहे, तो त्या विदुषीने आयुष्यात ऐकला नव्हता. पण माणसे उदार होती. मी दार नीट लावले तरी 'ग्रेट जॉब' म्हणत. एकाने माझे नाव लिहून घेतले आणि त्याचे स्पेलिंग सांगितल्याबद्दल मला 'ऑसम' म्हटले. एका आठवड्यात माझी जेवढी स्तुती झाली तेवढी गोरेगावात तीन पिढ्यांची मिळून झाली नसेल. सुरुवातीला मी रात्री मीठमिरची ओवाळून घ्यावी काय याचा विचार करत होतो. नंतर सवय झाली.

आणि मग ती सकाळ. पुढच्या वर्षीचे अर्ज आले होते आणि वाचायला मदत म्हणून मला त्या समितीत बसवले होते. आफ्रिकेतल्या कुठल्याशा गावातल्या मुख्याध्यापकाचे एक पत्र निघाले. 'यांचे काम समाधानकारक आहे. यांच्याविषयी तक्रार आलेली नाही.' मी ते वाचले आणि मला तुमची ओसरी दिसली. तो माणूस आपल्या विद्यार्थ्यावर जीव ओवाळून टाकत होता, हे मला समोरच्या भिंतीइतके स्पष्ट दिसत होते. माझ्या शेजारच्या बाईंनी ते पत्र वाचले, खऱ्या कळवळ्याने मान हलवली आणि म्हणाल्या, 'बिचारा. याच्या स्वतःच्या मास्तरालाच हा आवडत नाही.' अर्ज डावीकडच्या ढिगात गेला. मी बोलू शकलो असतो. त्या खोलीत दोन्ही इंग्रजी जाणणारा मी एकटाच होतो. मी कॉफी प्यालो. बोललो असतो तर कोणीतरी सहज विचारले असते की मग तुमच्या गुरूंचे पत्र इतके वेगळे कसे.

मी परत आलो तोवर तुम्ही गोरेगावच्या जीपस्टँडवरच्या हॉटेलात माझे चरित्र प्रसिद्ध करून टाकले होते. 'चार ओळीत गेलं पोरगं अमेरिकेला. पाचवी लागली न्हाई.' मी समोर बसलो होतो. हॉटेलवाला म्हणाला, 'सर, मंग आमच्या पोरासाठी दोनच लिवा, दुबईच हाय फक्त.' सगळे हसले. तुम्ही सर्वांत जास्त हसलात. तुम्हाला असे हसताना मी वर्गात कधीही पाहिले नव्हते. ते बंद करण्याचे धाडस मला झाले नाही, असे मी इतकी वर्षे स्वतःला सांगत आलो. हे विधान फेअर देखील नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी ती. पुसेगावकडची, मेंढरे राखणाऱ्या घरातली, तुमच्या शेवटच्या तुकडीतली. शाळेतून आल्यावर कळपामागे फिरत फिरत पाठांतर करणारी, आणि नव्यानेच इंग्रजीची शिक्षिका झालेली. तिने त्याच योजनेचा अर्ज भरला. तुम्ही तिचे शिफारसपत्र घेऊन एकटेच हिंगोलीला आलात. मला आजही तुम्ही आमच्या दारात चपला काढताना दिसता.

'तिचा बाप म्हणतो, लई तारीफ नका लिहू पोरीची, नजर लागती,' तुम्ही हसत सांगितले. 'म्या म्हणलं, मामा, काळजी नका करू, इंग्रजी आपल्याच वळणाचं हाय.' मग लिफाफा न चिकटवलेले ते पत्र तुम्ही माझ्या हातात दिले. 'तू तिकडचा माणूस. बघ जरा. तुझ्या टायमाला चार ओळीत भागलं होतं. हिच्या पाच झाल्या. जास्त तर न्हाई झाल्या?'

मी वाचले. पाचवी ओळ अशी होती : 'तिच्या वयाचा असताना मी एवढा चांगला नव्हतो.'

तुम्ही आयुष्यात कोणाबद्दलही एवढे लिहिले नव्हते, सर. आणि मला माहीत होते की डावीकडचा ढीग कुठे असतो, त्या टेबलाची लांबी किती, आणि त्या दयाळू बाई मान कशी हलवतील. एवढेच म्हणायचे होते की सर, तिकडे असे लिहीत नाहीत. मग तुम्ही विचारले असते, 'मंग तुझं कसं झालं?' तुम्ही नक्की विचारले असते. चूक दाखवणाऱ्याला तुम्ही नेहमीच पुरावा मागायचात.

'एक अक्षरही बदलू नका, सर,' मी म्हणालो.

नकार तीन महिन्यांनी आला. तुम्ही पुन्हा आलात, या वेळी बसला नाहीत. उंबऱ्यापाशीच विचारलेत, 'माझं इंग्रजी जुनं झालं काय रे? खरं सांग.' मी म्हणालो, 'नाही सर, तिथे स्पर्धा फार प्रखर असते.' 'प्रखर' म्हणालो मी. तुम्ही 'बराबर,' म्हणालात, आणि जीप गाठायला निघालात. त्यानंतर तुमच्याकडे कोणी अर्ज घेऊन आले की तुम्ही म्हणायचात, 'हिंगोलीच्या सरांकडून लिहून घ्या, त्यांना आताचं जमतं.' लोक येत. मी लिहून देत असे, दीड दीड पान. पुढच्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. ती योजनाही पुढे बंद पडली.

हे सर्व आत्ताच का, असे तुम्ही विचाराल. गेल्या महिन्यात कळमनुरीला तालुक्यातल्या शिक्षकांचे प्रशिक्षण होते. विषय : ब्रिटिश व अमेरिकन इंग्रजी, साम्य आणि भेद. विषयतज्ज्ञ : अस्मादिक. लॉरी आणि ट्रक, लिफ्ट आणि एलेव्हेटर, तारखेत आधी दिवस की आधी महिना. श्रोते निद्रेच्या अधीन होत होते आणि मी वाक्प्रवाहाच्या. तेव्हा तिसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या. केस कानशिलांवर पांढरे झालेले, चष्मा. मी ओळखले ते आवाजावरून.

'सर, शब्दांचं समजलं. पण कोणाबद्दल चांगलं सांगायची रीतही वेगळी असती का दोन्हीकडं?'

तिच्या विचारण्यात काही डाव नव्हता. ती वही उघडून उत्तराची वाट पाहत होती. मी भर सभेत पहिल्यांदा ते सांगितले : एकीकडे 'समाधानकारक' म्हणजे गौरव, दुसरीकडे तोच अपमान. ती लिहीत होती. मग तिचे पेन थांबले.

चहाच्या सुट्टीत ती व्हरांड्यात आली. 'हे तुमाला कधी कळलं, सर?'

मी सांगितले, सर. माझे बनावट पत्र, आठवी सही, सगळे. माझ्या तोंडातून एकही समास बाहेर पडला नाही, इतकी अवस्था बिकट होती. ती खाली पाहत ऐकत होती. मग म्हणाली, 'सर आमच्या वाड्यावर आले होते तेव्हा. माझ्या बापापुढं हात जोडले त्यांनी. म्हणले, माझी भाषा कमी पडली, पोरीत काही कमी न्हाई. बाप रडला होता. मेंढरं सोडायची राहून गेली त्या दिवशी.'

हे मला ठाऊक नव्हते.

मग तिने विचारले, 'माझं पत्र धाडायच्या आधी तुमी पाह्यलं होतं का?'

'नाही,' मी म्हणालो.

'मंग तुमचा तरी काय दोष, सर?' ती म्हणाली. 'तुमी तुमच्यापुरतं केलं. माझ्या पत्रात काय लिहिलंय ते तवा तुमाला कुठं माहीत होतं.' आणि माझ्या हातातला रिकामा कप घेऊन तिने दुसरा भरून आणला. मी तो प्यालो. दुपारच्या सत्रात मी उरलेले शब्द शिकवले, आणि शेवटी तिनेच सर्वांच्या वतीने आभार मानले. थोडक्यात मानले. तुमच्यासारखे.

तेव्हापासून मी हे पत्र लिहितो आहे. हे पोस्टात पडणार नाही हे उघड आहे. तुमचा पत्ता कोणत्याही टपाल खात्याकडे नाही. तिचा आहे. कळमनुरी इथून तासाभराच्याही आत येते. म्हणून तर तुम्हाला लिहिले.