खांद्यावरचा निळा पट्टा

१४ मार्च, गुरुवार

ती. स्व. दादास,
शिरसाष्टांग नमस्कार.

आईचा गुडघा बरा आहे. जिना चढताना अजून कठडा धरते आणि धरला नाही म्हणून सांगते. वहिनींना नमस्कार, पिल्लूला पापा. संग्रहालयात माझ्या टेबलावरचा पंखा एकदाचा दुरुस्त झाला. बाकी ठीक.

तुझा लेख सोमवारी मिळाला. "नुसतं ऱ्हस्व-दीर्घ बघ, बाकीचं तुझ्या डोक्यावरून जाईल," असं वर लिहिलंयस. सतरा चुका निघाल्या. पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. इतकी वर्षं कॉलेजात काढून माणसाला 'वैशिष्ट्यपूर्ण' धड लिहिता येऊ नये, याची मौज वाटली. बाकीचंही वाचलं. मी नववीतून बाहेर पडलो असलो तरी माझी उंची बरी आहे. डोक्यावरून काही गेलं नाही.

"शंख शंकूच्या आकाराचा आहे." हे वाक्य लिहायला तुला दोन वर्षं लागली.

खांद्यावर, म्हणजे शंखाचा रुंद भाग वळून शिखराकडे चढतो तिथे, तू एकवीस गाठी लिहिल्यास. एकोणीस आहेत. तू पुढच्या आणि मागच्या फोटोतल्या मोजून बेरीज केलीस, त्यामुळे कडेच्या दोन दोनदा धरल्या गेल्या. मी नखाने चाचपून तीनदा मोजल्या. तोंडाची फट खाली रुंद होत जाते म्हणतोस. ती वरपासून खालपर्यंत सारखी आहे. शंख तुझ्या हातात होता तेव्हा तू फोनवर होतास, म्हणून दिसलं नसेल.

मग शिखर. "उंच, पायऱ्यापायऱ्यांचं, या प्रजातीची मुख्य ओळख." एकाच खड्ड्यातून बारा शंख निघाले. अकरांचं शिखर बसकं आणि बाराव्याचं उंच. त्यावर तुझा खुलासा असा, की अकरा झिजले. दादा, अकरा झिजले आणि एकटाच शहाणा शाबूत राहिला, हे लिहिताना तुझा हात जरासुद्धा अडखळला नाही?

आणि तो पट्टा. जुन्या, जीवाश्म झालेल्या शंखांचे रंग उडालेले असतात, पण जांभळ्या दिव्याखाली धरले की ठिपके उजळतात, हे तुला मी सांगायला नको. बाराव्याच्या खांद्यावर, ठिपक्यांच्या वर एक सलग निळा पट्टा उजळतो. त्यावर तू पाऊण पान लिहिलंस. फोनवर ओरडलास, "धाकट्या, हा पट्टा म्हणजे माझी कायमची नोकरी रे!" आमच्या विभागाच्या बाईही म्हणाल्या, "अकरांवर नाही आणि ह्याच्यावरच? नशीब काढलं तुझ्या दादाने." मी मान हलवली आणि कापसाच्या बोळ्याने उगीच टेबल पुसत राहिलो.

तो डिंक आहे.

साफ करताना बाराव्याचं टोक, म्हणजे अख्खं शिखर, तुटून माझ्या हातून निसटलं आणि फरशीवर त्याचा चुरा झाला. बाईंनी त्याच आठवड्यात एक नमुना फोडला म्हणून दुसऱ्या एका कामगाराला दरवाजा दाखवला होता. मी दुसऱ्या ट्रेमधल्या, दुसऱ्याच जातीच्या शंखाचं टोक घेतलं, कानस मारून बसवलं आणि चिकटवलं. दिव्याखाली डिंक उजळतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक असायला हवं होतं. त्यासाठीच तर घरातल्या एकाला शिकवायचं ठरलं आणि तो तू निघालास.

तू आलास त्या दिवशी सांगणार होतो. चाळीस मिनिटं होतास. त्यातली पंचवीस बाईंशी बोललास, दहा फोनवर. उरलेल्या पाचांत माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालास, "हात छान बसलाय हां तुझा." मग माझ्याच्याने सांगवलं नाही. तुला हसता हसता मी किती घाबरट आहे तेही बघितलं. तुझ्यापेक्षा जास्त कीव माझ्याच भित्रेपणाची येते.

तरी गप्प राहिलो असतो. पण शेवटच्या पानावर नव्या प्रजातीचं नाव वाचलं. माझं नाव. "ज्याच्या काळजीपूर्वक हातांमुळे हा नमुना टिकला." तुला कुणी मागितलं होतं हे? आयुष्यात एकदा माझी आठवण ठेवलीस, आणि माझं नाव नेमकं डिंकाला दिलंस.

आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत बारावा शंख ॲसिटोनमध्ये ठेवला. चार वाजता टोक सुटलं. दोन तुकडे आता दोन डब्यांत आहेत, चिठ्ठ्या लावून. हे पत्र शनिवारी तुझ्या हातात पडेल. लेख येत्या सोमवारी छापायला जायचाय. सोमवारी दहा वाजता मी बाईंना सगळं सांगणार आहे. माझं काय व्हायचं ते होईल. त्याआधी तू स्वतः लेख मागे घेतलास, तर चूक पकडणारा तू ठरशील. नाही घेतलास, तर डिंकाचं वर्णन करणारा. दोन दिवस पुरेसे आहेत. शंख बघायला तुला पाच मिनिटंही लागली नव्हती.

माझं नाव खोड. अकरा शंखांची मोजमापं मात्र खोडू नकोस, ती मी घेतली आहेत आणि बरोबर आहेत.

हात छान बसलेला,
तुझा धाकटा

ता. क. गाठी एकोणीसच.