दूध उतू गेलं म्हणे

ती. आईस, तुझ्या दुखऱ्या गुडघ्यांसकट नमस्कार.

खोली उबदार आहे, दोन्ही वेळा नीट जेवते. काळजी करू नकोस.

संपादकबाईंनी माझी कादंबरी वाचली. मला धास्ती होती, की मी वाचलेले सगळे मोठे लेखक त्यांना पानोपानी सापडणार. सापडलं भलतंच! त्यांनी जागोजागी एकाच शब्दाला लाल गोल केला होता: ‘म्हणे’.

“हा कुणाकडून उचललात?” त्यांनी विचारलं. मला हसूच फुटलं. तुझ्याच हातून दूध उतू जायचं आणि तू बाबांना सांगायचीस, “दूध उतू गेलं म्हणे!”

तेव्हापासून डोक्यात एकच किडा वळवळतोय. तू तो कुणाकडून घेतलास? आजीकडून? मग आजीनं कुणाकडून? असं मागे मागे गेलं, तर माझं स्वतःचं काय उरतं गं?

बाई म्हणतात, निम्मे तरी काढा. मी एकही काढणार नाही. आपण दुसऱ्याचं सांगतोय, हे तो शब्द आधीच कबूल करतो. चोर कधी असं करतो का?

गुडघे कसे आहेत ते कळव, पण या खेपेला ‘म्हणे’ न लावता.

तुझी लेक इथे अगदी मजेत आहे, म्हणे.