तीस दिवसांचं ताट

३ ऑक्टोबर
ब्रुग्ज सोडल्याचं वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण आज दिवसभर गुणगुणत होते. नन्सच्या जुन्या मठात थाटलेलं शहराच्या इतिहासाचं संग्रहालय, आणि तिथल्या वस्तूंची देखभाल आता माझ्याकडे! भोजनगृहातलं ओकचं टेबल तसंच मांडून ठेवलंय. बारा वाडगे, एकाशेजारी छोटा लाकडी क्रूस. रखवालदार ओदिलॉन रोज दुपारी त्या वाडग्यात पाव ठेवतो. नन वारली की तिच्या जागी क्रूस ठेवून तीस दिवस तिचं ताट वाढायचं, ते कुणा भुकेल्याने खायचं, आणि तिसाव्या दिवशी क्रूस उचलायचा, ही मठाची रीत. शेवटची नन जाऊन शतक झालं, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "पण तीस मोजायला मागे उरलं कोण, रेनहिल्ड मॅडम?" आम्ही खूप हसलो.

६ ऑक्टोबर
नोंदवहीप्रमाणे क्रूसाची जागा कपाटात आहे, आणि दालनात अन्न ठेवणं नियमाबाहेर. क्रूस आत ठेवला, पाव बंद केला. ओदिलॉनचा टोमणा: "उंदरांनाही नोंद क्रमांक देऊन टाका!" माझं बरोबरच होतं. पण इतकं तुटक बोलायला हवं होतं का?

१० ऑक्टोबर
तीन दिवस माझ्या डब्यातून पाव नाहीसा होतोय. ओदिलॉनवर आळ घेतला. तो तिन्ही दिवस रजेवर होता. माफी मागितली. लाज वाटते.

१७ ऑक्टोबर
आम्हा कर्मचाऱ्यांच्या जेवायच्या खोलीत क्रूस माझ्या ताटाशेजारी होता. कपाटाला कुलूप, किल्ली माझ्याच गळ्यात. भरपूर खाते, तरी पोट रिकामं. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली. डॉक्टरांना काही सापडत नाही.

२३ ऑक्टोबर
चार दिवसांपूर्वी सगळं पूर्ववत केलं. क्रूस जुन्या वाडग्याशी, ताजा पाव. कुणीच शिवलं नाही. पावाला बुरशी आली. क्रूस परत माझ्याकडे.

२९ ऑक्टोबर
शेजारी ओदिलॉनचं ताट. क्रूस वीतभर त्याच्याकडे सरकवला की मी सुटेन. हात पुढे केला. मागे घेतला. त्याला नातवंडं आहेत — पण खरं कारण तेच का? की नुसती भीती?

२ नोव्हेंबर
मृतांचा दिवस. बोलले तरी ओदिलॉन वर बघत नाही. माझ्या खुर्चीत एक बाई जेवतेय. परवा पहिल्यांदा दिसली तेव्हा ननच्या झग्यात, हाडकुळी होती. आता —

४ नोव्हेंबर
पाव बंद केल्यापासून तिसावा दिवस. दुपार. तिने माझ्या ताटाशेजारचा क्रूस उचलला. ओदिलॉन तिला म्हणतोय, "घ्या ना अजून, रेनहिल्ड मॅडम, लाजता काय!"
ती हसली. माझंच हसू.
उरली फक्त ही वही. तिने हात पुढे केलाय. मी सोडणार नाही, मी —